डाव्या बाजूला कारभारी

बार्बरशॉप म्हटलं की आपल्याकडचा माणूस आधी डोक्यावरून हात फिरवतो. कारभारींनीही पहिल्या दिवशी तेच केलं. "डॉक्टर, केस तर म्या परवाच कापले," म्हणाले. मग डॉक्टर श्रीनिवासांनी त्यांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. परदेशात म्हणे जुन्या काळी न्हाव्याच्या दुकानात नंबरची वाट बघत बसलेली माणसं वेळ जावा म्हणून मिळून गायची, त्यावरून या गाण्याला हे नाव पडलं. चार माणसं, चार आवाज, वाद्य एकही नाही. एकानं चाल धरायची, एकानं तिच्या वरून जायचं, एकानं तळ सांभाळायचा, आणि चौथ्यानं मधे जे सूर उरतील ते गायचे. शब्द मात्र चौघांच्या तोंडून एकाच वेळी बाहेर पडायला पाहिजेत.

आमची अनसूया ही चौथी. एकटीनं म्हटले तर चाल ओळखूसुद्धा येणार नाही, असले ते उरलेले सूर. पण तिनं सोडले की बाकीच्या तिघांचं गाणं पोकळ वाटायला लागायचं. पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारी ही बाई, वय चोपन्न, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी नाशिकला. आवाज लहानपणापासून जाड. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी तिला मागच्या रांगेत उभं केलं आणि वर सांगितलं, "तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून पन्नाशीपर्यंत तिनं आरतीतसुद्धा आवाज काढला नाही. मग तीन वर्षांपूर्वी दाढ दुखते म्हणून ती श्रीनिवासांच्या दवाखान्यात गेली, तर त्यांनी दाढ राहिली बाजूला, तिचा आवाजच धरला. "असाच आवाज मी शोधतोय," म्हणाले. डॉक्टर स्वतः बारीक आवाजात सगळ्यांच्या वरून गाणार, आणि अनसूया खालून. पुरुष वर आणि बाई खाली, हे बघून लोक हसायचे. हसेनात का. तुझ्या आवाजावाचून आमचं अडलंय, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं. म्हणून पुढं जे झालं त्यात तिचं चुकलं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण चुकलं.

झालं असं, की दिवाळीच्या सुमाराला तिचा डावा कान गेला. फोन त्या कानाला लावला की समोरचा माणूस रुसून गप्प बसल्यासारखा. उस्मानपुऱ्यातल्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नस गेली, ती काही परत यायची नाही, उजवा ठणठणीत आहे, डाव्याला मशीन लावा. मशीन आणलं. बोलण्याचालण्याला ठीक होतं, पण ते लावून गायला उभी राहिली तर भानुमतीचा गोड गळा बसस्टँडवरच्या भोंग्यासारखा वाजायला लागला. तिनं ते काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकलं आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

सांगितलं नाही, कारण वैजनाथ. अनसूयेच्या आधी ते उरलेले सूर वैजनाथ नावाचे निवृत्त नायब तहसीलदार गायचे. त्यांचा आवाज हलायला लागला तशी डॉक्टरांनी त्यांना एक दिवस चहा पाजला आणि म्हणाले, "थोडे दिवस विश्रांती घ्या." त्यानंतर त्यांना कुणी फोन केला नाही. अजून ते कधीतरी क्रांती चौकात भेटतात, गाणं कसं चाललंय विचारतात, आणि अनसूयेला त्यांच्या तोंडाकडं बघवत नाही. डॉक्टर वाईट माणूस नाही, बरं का. कुणाच्या अडीनडीला धावून जातील. पण सुराची गोष्ट आली की दात उपटावा तसा माणूस उपटतात. आपली पाळी कधी येते, या भीतीनं अनसूयेचा जीव टांगणीला लागला होता.

तालीम दर रविवारी सकाळी नऊला, समर्थनगरात दवाखान्याच्या वरच्या खोलीत. अर्धगोल करून खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, जागा ठरलेल्या. एका टोकाला डॉक्टर, मग चाल गाणारी भानुमती, मग तळ सांभाळणारे कारभारी, आणि दुसऱ्या टोकाला अनसूया. म्हणजे सगळे तिच्या डाव्या हाताला. डॉक्टर खिशातून बिस्किटाएवढी गोल शिट्टी काढून एक सूर फुंकणार, आणि त्यानंतर ना पेटी, ना तंबोरा. एकमेकांना ऐकायचं आणि त्यावर आपला सूर बसवायचा. ऐकूच येत नसेल तर कशावर बसवणार? दिवाळीपासून अनसूया कारभारींच्या आधारावर दिवस काढत होती. त्यांचा खर्ज इतका दणदणीत, की खांद्याला खांदा लागला की तिला तो हाडात कळायचा. त्यावरून ती अंदाजानं आपला सूर शोधायची. कधी सापडायचा, कधी केसाएवढा खाली यायचा, आणि डॉक्टर गाता गाता भुवई उचलायचे. 

हे कारभारी हर्सूलचे. मूळ फुलंब्रीकडचे शेतकरी, आता ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, आवाज गावच्या भजनात तापवलेला. आपल्याकडं खेड्यात बाई नवऱ्याला कारभारी म्हणते, ते अनसूयेच्या ध्यानात नव्हतं. पहिल्याच आठवड्यात ती सगळ्यांसमोर म्हणाली, "कारभारी, जरा पाणी द्या," आणि भानुमतीला हसता हसता ठसका लागला. तेव्हापासून ते 'भाऊ' झाले आणि ही 'ताई'. दोन गाण्यांच्या मधे तिच्याकडं झुकून हळूच काहीतरी बोलायचं आणि तिला हसवायचं, ही त्यांची खोड. कान गेल्यापासून ती अंदाजानंच हसत होती.

जानेवारीत डॉक्टरांनी नवीन टुमणं काढलं. बंगळूरला स्त्री-पुरुषांनी मिळून गायच्या चौकड्यांचा मेळावा होता. महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत एक गाणं चित्रित करून पाठवायचं. एका दमात गायचं, मागून दुरुस्ती चालणार नाही. गाणं भानुमतीनंच मराठीत लिहिलेलं, अंगणात आलेल्या उन्हावरचं. डॉक्टरांना रात्रंदिवस तेच. "एकाचा सूर ढळला तर चौघं गेले," असं ते दर तालमीला म्हणायचे, आणि अनसूयेला वाटायचं ते आपल्यालाच म्हणताहेत.

महिन्याच्या पहिल्याच रविवारी कारभारी तिच्याकडं झुकून काहीतरी बोलले. नेहमीपेक्षा बराच वेळ बोलत होते. तिनं वळून पाहिलं नाही, कारण डॉक्टरांनी शिट्टी ओठाला लावली होती, आणि तो पहिला सूर हुकला तर पुढचं सगळं हुकणार. ती समोर बघत राहिली. हसायचंसुद्धा राहून गेलं. कारभारी बोलायचे थांबले.

दुसऱ्या रविवारी ती जिना चढून वर आली तर खोलीत हसणं-बोलणं चाललं होतं, ती दिसताच ते बंद पडलं. भानुमती उगाच खिडकीशी जाऊन उभी राहिली. कारभारी नेहमीच्या जागी आले, पण मधे वीतभर अंतर ठेवून. खांदा लागेना, की हाडात सूर येईना. अनसूयेच्या मनानं घेतलं, की झालं, यांना कळलं. कान गेल्याचं कळलं, मागं बोलणं झालं, आता फक्त चहा पाजायचा राहिलाय. या भीतीपोटी तिनं घाईघाईनं तोंड उघडलं.

"डॉक्टर, मी त्या टोकाला उभी राहू का? तुमच्या जागेवर?"

म्हणजे मग सगळे उजव्या कानाकडं येतील, असा तिचा हिशेब.

"का हो? काय झालं?"

काय सांगणार? डोक्यात येईल ते बोलली. "इथं पंख्याचा वारा लागतो."

जानेवारीचे दिवस. पंखा बंद होता. सगळ्यांनी एकदा पंख्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि मग कारभारींकडं. कारभारींनी मान खाली घातली. "जाऊ द्या डॉक्टर," ते म्हणाले, "ताईला जसं बरं वाटंल तसं करा." डॉक्टर म्हणाले, आता दोन आठवड्यांवर आलंय, जागा हलवायच्या नाहीत. त्या दिवशी गाणं काही जमलं नाही, आणि जाताना भानुमती तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

तिसऱ्या रविवारी कारभारी आलेच नाहीत. दुकानात माल उतरवायचा आहे, असा निरोप आला. डॉक्टर भानुमतीला बाजूला घेऊन बोलत होते, आणि अनसूया खुर्चीवर बसून दोघांच्या ओठांकडं बघत होती. काही कळत नव्हतं.  त्या आठवड्यात वर्गात फळ्यावर अर्धी आकृती काढून ती तशीच थांबायची. फोन वाजला की डॉक्टरांचाच असणार, असं वाटून ती आधी नाव बघायची. आणि गंमत बघा, मशीन लावून एकदा डॉक्टरांसमोर उभं राहावं, काय ते होऊन जाऊ द्यावं, एवढं तिला सुचलं नाही असं नाही. धीर झाला नाही.

चौथा रविवार उजाडला. खोलीच्या मधोमध तिवईवर मोबाइल लावलेला, खिडक्या लावून घेतलेल्या. कारभारी तिच्याआधीच येऊन थांबले होते, पण आपल्या जागेवर नाही, पार दुसऱ्या टोकाला, डॉक्टरांच्याही पलीकडं.

"मी हितं उभा ऱ्हातो," ते म्हणाले. "तळाचा आवाज कुठूनबी जातो."

डॉक्टर चिडले होते, पण वेळ नव्हता. अनसूयेच्या डाव्या हाताला आता भानुमती आली. डॉक्टरांनी शिट्टी फुंकली, चौघांनी श्वास घेतला, आणि पहिली ओळ निघाली. अनसूयेला वाटलं आपण विहिरीत उभे राहून गातोय. खांद्याला काही लागत नव्हतं, कानाला काही येत नव्हतं. दुसऱ्या ओळीला ती कुठल्या कुठं गेली. डॉक्टरांनी हात वर केला, मोबाइल बंद केला आणि म्हणाले, "दहा मिनिटं थांबू." तिच्याकडं न बघता म्हणाले.

भानुमतीनं तिचा दंड धरून तिला गच्चीवर नेलं. या दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, त्यामुळं बोलायला भीडभाड नाही.

"अनू, मी आजवर गप्प बसले. पण माणसानं इतकं करू नये."

"काय केलं मी?"

"वर मलाच विचार. कारभारींनी त्यांच्या घराच्या वास्तुशांतीला बोलावलं ना? आम्हाला फोनवर सांगितलं, आणि तुला समोरासमोर, शेजारी उभं राहून. तू वळून बघितलंससुद्धा नाही. बरं, नाही गेलीस तर नाही. वर आठ दिवसांच्या आत म्हणतेस, मला ह्यांच्या शेजारी उभं राहायचं नाही. पंख्याचा वारा म्हणे."

अनसूयेला क्षणभर काही उमगेना. मग तो पहिला रविवार आठवला, ते लांबलेलं बोलणं, आणि शिट्टीकडं लागलेली आपली नजर.

"सरूवहिनींनी तुझ्यासाठी वेगळा स्वयंपाक केला होता," भानुमती थांबायला तयार नव्हती. "म्हणाल्या, ताईंचं खाणं-पिणं येगळं आसंल, आणि नवी पातेली आणली. चार वाजेपर्यंत तुझं ताट झाकून ठेवलं होतं. कारभारींच्या म्हाताऱ्या वडिलांनी, तात्यासाहेबांनी मला विचारलं, की त्या बाई आमच्यात जेवत नसतील का हो? काय सांगू मी? आपल्या आजोबांच्या वेळचं ते सोवळं-ओवळं, आणि तू आज करतेस. लाज वाटली मला."

अनसूयेनं गच्चीचा कठडा धरला. इतके दिवस ती ज्या भीतीनं मेली होती तिचा कुणाला पत्ताच नव्हता. त्यांच्या डोक्यात भलतंच होतं, आणि ते तिच्या कानापेक्षा शंभरपट वाईट होतं. आता इथं एक पळवाट होती, आणि ती तिला लगेच दिसली, हे मी लपवणार नाही. त्या दिवशी ताप होता म्हणावं, फोन करायचा राहिला म्हणावं. भानुमतीला पटलं असतं, कारभारींनी पटवून घेतलं असतं. आज एवढं गाणं निभावलं की चौकडीतली जागा शाबूत. खरं सांगितलं तर डॉक्टर आत बसलेलेच होते.  पण ते झाकलेलं ताट काही डोळ्यांसमोरून हलेना. मग ती वळली आणि खोलीत गेली.

"भाऊ, तुम्ही मला घरी बोलावलंत ते मला ऐकू आलं नाही," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, तरी तिनं तो खाली येऊ दिला नाही. "माझा डावा कान दिवाळीपासून गेलाय. तुम्ही त्या बाजूला होतात. मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला इथून काढतील अशी भीती होती. त्या टोकाला जायचं म्हणाले ते सगळे उजव्या कानाला यावेत म्हणून."

पर्समधून मशीन काढून तिनं टेबलावर ठेवलं. खोटं वाटू नये म्हणून असेल.  भानुमतीनं तोंडाला पदर लावला. डॉक्टर त्या मशीनकडं बघत राहिले.

कारभारी मात्र मटकन खुर्चीवर बसले. "आन म्या घरी जाऊन काय काय बोललो तुम्हाला," ते म्हणाले. "सरूला म्हनलं, गान्यापुरती ताई हाय, जेवायच्या वक्ताला नाय. लई वंगाळ बोललो."

"मीही तुमच्याबद्दल तसंच काहीबाही धरून बसले होते. तुम्ही सगळे मिळून मला काढताय असं."

"काहून काढू?" कारभारी म्हणाले, आणि त्यांनी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर शिट्टी पुसत होते.

गाणं तर पाठवायचंच होतं. अनसूया डॉक्टरांच्या जागी, त्या टोकाला गेली. तिच्या उजव्या हाताला कारभारी येऊन उभे राहिले, खांद्याला खांदा लावून. शिट्टी वाजली. या खेपेला तिला सगळं ऐकू आलं. कारभारींचा तळ, भानुमतीची चाल, डॉक्टरांचा बारीक सूर. कितीतरी दिवसांनी ती अंदाजानं नाही, ऐकून गायली, आणि शेवटचा लांब सूर सोडताना तिला रडू आवरेना. ते चित्रणात दिसलं की नाही कोण जाणे. डॉक्टर म्हणाले, "चांगलं झालं." मग तिथंच उभं राहून त्यांनी ते पाठवून दिलं.

निघताना अनसूया जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली होती. वर डाव्या बाजूला डॉक्टर कारभारींच्या पाठीवर हात ठेवून हळू आवाजात काही म्हणाले, आणि कारभारी त्यावर काहीतरी बोलले. तिला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही, पण कारभारींचा चेहरा उतरलेला दिसला. ते खाली आले तसं तिनं विचारलं, "काय म्हणाले?"

"काय नाय."

"भाऊ, आता तरी मला काही गाळून सांगू नका."

कारभारी वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आले. "म्हनले, बंगळूरचं बोलावनं आलं तर ताईच्या जागी दुसरं मानूस बघाया लागंल. म्या म्हनलं, मंग तळालाबी दुसरंच बघा. ते म्हनले, बघू."

अनसूया तिथंच पायरीवर बसली. तीन महिने जी गोष्ट घडू नये म्हणून तिनं जीव नकोसा करून घेतला होता ती सकाळी साडेअकराला घडून गेली होती. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, खालच्या मेडिकलवाल्यानं शटर अर्धं ओढलं होतं. कारभारी एक पायरी खाली उभे होते.

"वहिनी घरी आहेत का?" तिनं विचारलं.

"हाय की. काहून?"

"मला जेवायला यायचंय."

कारभारी घुटमळले. "ताई, आज रविवार. घरी मटन शिजलंय."

"पिठलं टाकता येईल की दहा मिनिटांत."

"टाकता यील."

"आणि मला पाहुण्यासारखं बाहेर बसवू नका. वहिनींच्या शेजारी बसेन, त्यांच्या डाव्या हाताला. म्हणजे त्या माझ्या चांगल्या कानाकडं येतील."

कारभारींनी गाडीची किल्ली काढली. "सरू तुम्हाला लई बोलंल, ताई," ते म्हणाले. "चार वाजूस्तोवर बसली होती ती."

"बोलू द्या," अनसूया म्हणाली, आणि उठली.